ते मला सांगू नका

आमचे शेजारी वॉरन हॅस्किन्स यांना एक खोड होती. ते चौकशा भरपूर करायचे, आणि आपण मनापासून काही सांगायला लागलो की उजवा हात वर करायचे. चौकातल्या पोलिसासारखा, तळहात आपल्याकडे, बोटं मिटलेली. मग अगदी मऊ आवाजात, इंग्रजीत म्हणायचे, "ते मला सांगू नका." भाजी कुठून आणता, इराची शाळा कशी आहे, पुण्यात थंडी किती पडते, हे त्यांना सगळं हवं असायचं. पण नितीनच्या ऑफिसात काय शिजतंय किंवा माझं माहेरी कुणाशी बिनसलंय, इकडे गाडी वळली रे वळली की हात वर.

ज्याला ऐकायचं नाही तो विचारतो कशाला? मी नारायण पेठेत वाढलेली बाई आहे. तिथे विचारणारा माणूस ऐकायलाच विचारतो आणि सांगणाराही चार गोष्टी वाढवूनच सांगतो. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. त्यामुळे हा वर झालेला हात मला पहिल्यापासून खटकला. संशयी स्वभाव मला आईकडून आलाय, आणि परदेशात येऊन तो काही कमी झालेला नाही.

पहिली भेटही तशीच झाली. वेलिंग्टनच्या टेकडीवर आम्ही घर घेतलं त्याच आठवड्यात वाऱ्याने आमचा कचऱ्याचा डबा उताराखाली नेला. इथला वारा माणसालाही चार पावलं सरकवतो, डब्याचं काय. नितीन आणि मी शोधायला निघालो तर समोरून एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ आमचा डबा ओढत वर येत होते. अंगात कडक इस्त्रीचा निळा शर्ट. कचऱ्याचा डबा आणायला इस्त्रीचा शर्ट! त्यांनी डबा आमच्या फाटकाशी लावला, आम्हा दोघांशी हात मिळवला आणि विचारलं, "भारतातून? कुठून? पुणे? नदीच्या कुठल्या बाजूला?"

नदीच्या कुठल्या बाजूला हे इथे कोण विचारतं? मी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून नितीनला मराठीत म्हटलं, "हा म्हातारा हेर दिसतोय. जपून बोल." हॅस्किन्सही हसले. म्हणाले, "तुमची भाषा कानाला फार छान वाटते." एवढं सगळं विचारणाऱ्या माणसाने भाषा कुठली ते मात्र विचारलं नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

ते कोण होते हे कळलं ते कोपऱ्यावरच्या डेअरीत. इथे डेअरी म्हणजे दुधापासून बॅटरीपर्यंत सगळं ठेवणारं छोटं दुकान. आमच्या डेअरीत जयंतीभाई बसतात आणि त्यांना सगळ्या टेकडीची खबर असते. ते म्हणाले, "अरे बेन, ये तो बहुत बडा आदमी है. अमेरिका का एम्बेसेडर था, दो-दो देश में." बायको इथली, न्यूझीलंडची. निवृत्तीनंतर ती नवऱ्याला घेऊन आपल्या गावी आली आणि थोड्याच वर्षांत गेली. हे तिच्या घरात एकटेच राहिले. एक मुलगी, ती अमेरिकेत.

घरी येऊन मी नितीनला म्हटलं, "बघ. मी काय म्हणत होते?"

"राजदूत म्हणजे हेर नव्हे गं," तो म्हणाला.

"मग त्यांच्या घरात भिंतीवर एकही फोटो का नाही?"

हे मात्र खरं होतं. आपल्याकडे कुणी नगरसेवकाशेजारी उभं राहिलं तरी तो फोटो दिवाणखान्यात लागतो. हा माणूस राष्ट्राध्यक्षांशी हात मिळवून आलेला, आणि भिंतीवर काय तर बायकोने काढलेली समुद्राची चित्रं आणि एक हवामानाचं घड्याळ. बसायचे नेहमी दाराकडे तोंड करून. पेला धरायचे नेहमी डाव्या हातात. मी एकदा न राहवून विचारलं, तुम्ही डावखुरे आहात का? तेव्हा म्हणाले, "मेजवानीत शेकडो लोकांशी हात मिळवायचा असतो. उजव्या हातात पेला धरला तर हात गार आणि ओला होतो. समोरच्याला वाटतं, हा घाबरलाय."

नोकरीबद्दल ते असलं वरवरचंच बोलायचे. कोण कुणाशेजारी बसणार हे ठरवण्यात राजदूताचं अर्धं आयुष्य जातं, म्हणायचे. एका देशात दोन मंत्र्यांचं इतकं वाकडं होतं की दुसरा येणार नसेल तरच येतो असं दोघांनीही कळवलं. यांनी दोघांनाही कळवलं की तो येत नाही. मग एकाला पुढच्या दाराने घेतलं, दुसऱ्याला बागेतून, आणि सगळा वेळ स्वतः दोघांच्या मधे उभे राहिले. नितीन पोट धरून हसला. मी हसले नाही. मला एवढंच दिसलं की हा माणूस दोन जणांना एकाच वेळी, चेहऱ्यावरची इस्त्री न मोडता खोटं सांगू शकतो.

नितीनचं त्यांच्याशी छान जमलं. दोघांनी मिळून मधलं कुंपण दुरुस्त केलं, शनिवारी दुपारी आमच्या मागच्या ओट्यावर बसून क्रिकेटवर वाद घातले. मी चहा द्यायला गेले की नितीनला मराठीत बजावायची, "बँकेचं काही बोलू नकोस हं." किंवा, "आता उठव यांना, मला कुकर लावायचाय." हॅस्किन्स मान खाली घालून चहा प्यायचे. फक्त त्यांचे कान तेवढे लाल व्हायचे. मला वाटायचं, वाऱ्याने.

"आई, यू आर सो सस्पिशस," इरा म्हणायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच. "ही'ज जस्ट लोनली."

"एकटा असला म्हणून काय झालं? एकट्या माणसाला वेळ जास्त असतो," मी म्हणायची.

असं चाललेलं असताना नितीनची नोकरी गेली. त्या सुमारास सरकारी खात्यांनी कंत्राटं आवरती घेतली आणि आमच्या ओळखीतले चार जण एकदम घरी बसले. नितीन पहिले काही आठवडे रोज दाढी करून, शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसायचा. मग दाढी एक दिवसाआड झाली. त्याचा आवाज उतरला. फोन वाजला की उठून बाहेर जायचा आणि परत येऊन काही बोलायचा नाही. ऑस्ट्रेलियात जावं का, अशी चर्चा सुरू झाली. इराची शाळेची शेवटची वर्षं, घराचं कर्ज डोक्यावर, आणि मला सगळं पुन्हा उचलून तिसऱ्या देशात मांडायची ताकद राहिली नव्हती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले, हे खरं आहे.

अशात एका मंत्रालयात त्याला मनासारखी जागा मिळाली. मिळाली म्हणजे जवळजवळ. काम संगणक सुरक्षेचं, म्हणून आधी सुरक्षा तपासणी होणार होती. इथे त्याला व्हेटिंग म्हणतात. तुम्ही कोण, कुठले, कुणाकुणाला ओळखता, परदेशात कोण आहे, हे सगळं खणून काढतात. त्यासाठी तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या माणसांची नावं द्यायची, आणि मग ते लोक त्या माणसांना भेटून तुमच्याबद्दल विचारतात.

आता ओळखीचं नाव द्यायचं म्हटलं की आपला माणूस काय करतो? मोठ्यात मोठं नाव शोधतो. मला पहिली नोकरी लागली तेव्हा बाबांनी अर्जात एका निवृत्त कमिशनरांचं नाव घातलं होतं. त्यांना मी एकदाच, त्यांच्या मुलाच्या मुंजीत पाहिलं होतं. पण नावाने अर्जाला वजन येतं ना! नितीनच्या ओळखीत सगळ्यात वजनदार नाव कुंपणापलीकडेच राहत होतं.

त्या वर्षी दिवाळीला हॅस्किन्सना आम्ही फराळाला बोलावलं. इथली दिवाळी वसंतात येते. संध्याकाळी लख्ख उजेड असतो आणि वाऱ्याने पणत्या टिकत नाहीत, म्हणून त्या खिडकीच्या आत लावायच्या. हॅस्किन्स चकली खात होते, इरा त्यांना तिच्या पोहण्याच्या स्पर्धेचं सांगत होती. नितीन माझ्या जवळ येऊन मराठीत म्हणाला, "अगं, व्हेटिंगसाठी मी यांचं नाव देणार आहे."

"यांचं? आधी त्यांना विचार तरी. आणि ते तुझ्याबद्दल काय सांगतील कुणास ठाऊक. मला या माणसाचा भरवसा वाटत नाही."

"तुला कुणाचाच वाटत नाही. एवढा मोठा माणूस आपल्या बाजूने बोलला तर..."

तेवढ्यात मागून आवाज आला. "नितीनराव, माझे नाव देऊ नये."

मराठीत. शुद्ध, सावकाश, पुस्तकातून उतरवल्यासारख्या मराठीत. आम्ही दोघंही वळलो. हॅस्किन्स उभे राहिले होते. हातातली बशी त्यांनी टेबलावर ठेवली. "मी परक्या सरकारचा माणूस आहे. माझ्या नावाने तुमचे नुकसान होईल. कृपा करून देऊ नये."

इराच्या हातातला लाडू तसाच राहिला. नितीनचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "सर, नाव मी परवाच दिलं." मलाही त्याने 'देणार आहे' असंच सांगितलं होतं.

हॅस्किन्सनी डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, फराळ उत्तम होता," आणि गेले.

नितीन कपाळाला हात लावून बसला. मी मात्र चार वर्षं मागे गेले. कचऱ्याच्या डब्याशी काय म्हटलं होतं, ओट्यावर काय म्हटलं होतं, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावरून काय काय बोलले होते, बँक, सासूबाई, नणंदेचं लग्न. सगळं, सगळं त्यांच्यासमोर, त्यांच्या डोक्यावरून जातंय अशा खात्रीने. कान वाऱ्याने लाल होत नव्हते तर. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कुंपणाशी आले. मी कपडे वाळत घालत होते, मुद्दाम पाठ वळवली. तरी ते बोलले. त्यांची पहिली नेमणूक मुंबईत होती, म्हणाले. व्हिसाच्या खिडकीवर. दिवसभर काचेपलीकडे माणसं. ती यांना इंग्रजीत एक सांगायची आणि शेजारी उभ्या नवऱ्याशी, भावाशी मराठीत दुसरंच बोलायची. म्हणून यांनी दादरच्या एका निवृत्त मास्तरांकडे शिकवणी लावली. मराठी शिकले ते काचेपलीकडचं चोरून ऐकता यावं म्हणून.

"आणि इथेही तेच केलंत," मी म्हटलं.

"होय," ते म्हणाले. "सवय झाली. प्रथम दिवशी आपण मला हेर म्हणालात. त्यानंतर मला मराठी येते हे सांगणे अवघड होत गेले."

मी चिमटा आपटला. ते जाता जाता म्हणाले, "त्या खिडकीने मला एकच गोष्ट शिकवली, वहिनी. खोटे बोलणारा मनुष्य तपशील फार देतो. खरे बोलणाऱ्याला वाटते, एवढे पुरेसे आहे."

मला हा उपदेश नको होता. मी घरात निघून आले आणि पुढचे कित्येक आठवडे त्यांच्या बाजूचा पडदा उघडला नाही. म्हणजे पूर्ण उघडला नाही. फटीतून मात्र मी बघत होते, आणि एका सकाळी जे दिसलं त्याने माझ्या काळजाचं पाणी झालं. त्यांच्या दाराशी एक साधी पांढरी गाडी थांबली. करड्या कोटातली एक बाई आणि एक तरुण आत गेले. चहाला आलेली माणसं अर्ध्या तासात उठतात. हे जेवणवेळ झाली तरी बाहेर आले नाहीत.

"एवढा वेळ काय सांगतायत ते?" मी नितीनला विचारलं. त्याने दाढी करणं पुन्हा सोडलं होतं.

मग तीच करड्या कोटातली बाई आमच्याकडे आली, माझ्याशी बोलायला. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार केला, बूट दाराशी काढले, चहा घेतला, इराच्या पदकांचं कौतुक केलं. फार गोड बाई. भारतात कोण कोण असतं, नितीन चिडका आहे का, असलं विचारत विचारत तिने हळूच वहीचं पान उलटलं आणि म्हणाली, "मिस्टर हॅस्किन्सना तुम्ही पहिल्याच दिवशी हेर म्हणालात, हे खरं का?"

मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. या माणसाने सांगितलं! माझ्या घरातलं, माझ्या भाषेतलं बोलणं त्याने इंग्रजी करून यांच्या पुढ्यात ठेवलं. मी हो म्हटलं. तिने आणखी विचारलं, "बँकेविषयी त्यांच्यासमोर बोलू नका, असं नवऱ्याला बजावलंत?" मी हो म्हटलं. "अजूनही त्यांच्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "आज तर मुळीच नाही." तिने ते लिहून घेतलं, आभार मानले आणि गेली.

ती वळणाआड गेली तशी मी घरातल्या सपातांवरच जाऊन हॅस्किन्सांचं दार वाजवलं. नितीनची नोकरी माझ्या जिभेने घालवली असं मला वाटत होतं, आणि ते ओझं मला कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं.

त्यांनी दार उघडलं. "वहिनी, आसन ग्रहण करावे."

एरवी मी हसून लोळले असते. "मी बसायला आले नाहीये. तुम्ही आमच्याबद्दल काय सांगितलंत?"

"जे खरे आहे ते."

"मी तुम्हाला हेर म्हटलं हे खरं सांगायची काय गरज होती? माझा नवरा सहा महिने घरी बसलाय. ही नोकरी गेली तर आम्हाला हे घर, हे गाव सोडावं लागेल. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे." ते खुर्चीत बसले. नेहमीची दाराकडे तोंड असलेली नव्हे, दुसरी. "त्यांनी मला विचारले, हे कुटुंब तुम्हाला काय काय सांगते? मी म्हणालो, काहीही नाही. नितीनराव सांगू लागतात, मी थांबवतो. त्यांनी विचारले, पत्नी? मी म्हणालो, पत्नी मला हेर समजते. नवऱ्याला माझ्यासमोर गप्प करते. परक्या मुत्सद्द्याच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबासाठी याहून चांगली शिफारस मला ठाऊक नाही. तुम्हाला शंका असल्यास त्या बाईंनाच विचारा."

मी उभीच होते. मग मी खरंच बसले.

"पण तुम्ही थांबवता कशाला?" मी विचारलं. "हात वर का करता?"

ते मराठी सोडून इंग्रजीत आले. एका देशात त्यांचा एक मित्र होता, म्हणाले. तिथल्या सरकारातला अधिकारी. दर आठवड्याला यांचं जेवण त्याच्या घरी. एकदा जेवताना त्याने आपल्याच मंत्र्याबद्दलची काळजी बोलून दाखवली. मित्राला सांगावी तशी. यांनी सकाळी ती वॉशिंग्टनला कळवली. माहिती देणाऱ्याचं नाव झाकायची सोय असते, ती यांनी वापरली नाही. नाव असलं की मजकुराला वजन येतं. वॉशिंग्टनला तो मजकूर फार आवडला. पुढे हे राजदूत झाले, त्यात त्या मजकुराचा वाटा होता. काही वर्षांनी असले गुप्त कागद बाहेर फुटले, त्यात तोही फुटला. मित्राला त्याच्या घरातून नेलं.

"मग?"

"मग मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी विचारत राहिलो. कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून लोकांनी मला काही सांगू नये असं मला वाटतं. एकदा ऐकलं की ते माझ्याकडे राहतं, आणि माझ्याकडे राहिलेल्या गोष्टीचं काय होतं ते मी पाहिलंय."

नंतर त्यांनी त्या देशाचं नाव सांगितलं, आणि त्या माणसाचं. पूर्ण नाव, हळू, जसं त्या देशात उच्चारत असतील तसं. एवढंच. मित्र कसा दिसायचा, बायकामुलं किती, जेवायला काय असायचं, काही नाही. मी घरी आले आणि स्वभावाप्रमाणे विचार करत बसले, हीसुद्धा त्यांची एखादी चाल असेल का? दोन मंत्र्यांना दोन दारांनी आत घेणारा माणूस हा. पण मग खिडकीवरची ती गोष्ट आठवली. त्यांनी मला तपशील काहीच दिले नव्हते. दिलं होतं ते फक्त एक नाव, आणि ते देताना त्यांचा आवाज हलला होता.

नितीनला नोकरी मिळाली. कळलं त्या दिवशी तो अंघोळ करून, दाढी करून, विनाकारण इस्त्रीचा शर्ट घालून घरभर फिरला आणि इरा म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, बाबा." म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत झकास. मी शिरा केला आणि वाटी घेऊन पलीकडे गेले. हॅस्किन्सनी दारातच वाटी घेतली. म्हणाले, "आता नितीनरावांनी माझ्याकडे येऊ नये. आले तर प्रत्येक भेट त्यांना वर कळवावी लागेल. नव्या नोकरीत ते बरे दिसणार नाही."

"आणि शनिवारचं क्रिकेट?"

"ते त्यांना कठीण जाईल. मलाही."

"मग मी?"

ते हसले. "आपण यावे, वहिनी. आपण मला काही सांगणार नाही याची मला खात्री आहे."

आणि मी जात राहिले. नितीन भेटी कळवायला तयार होता, कितीदा म्हणाला तसं, पण हे ऐकेनात. कुंपणावरून हात हलवायचे, तेवढंच. ज्या माणसाला ते पोरासारखा मानत होते त्याच्याशी त्यांनी बोलणं बंद केलं, आणि जी त्यांना हेर म्हणत होती तिच्याबरोबर चहा प्यायला लागले. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. आम्ही हवामानावर बोलायचो. वारा आज दक्षिणेचा आहे, उद्या पाऊस. मी त्यांची मराठी सुधारली. "आसन ग्रहण करावे नाही हो, बसा म्हणायचं. नुसतं बसा." ते सराव करायचे, "बसा. बसा ना. अहो, बसा." दादरच्या मास्तरांनी त्यांना बोलायला शिकवलंच नव्हतं. ऐकण्यापुरतं शिकवलं होतं.

एकदा मात्र मी हा नेम मोडला. आईच्या दुखण्याचा फोन आला होता आणि लगेच तिकीट मिळत नव्हतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून बोलायला लागले आणि सवयीने थांबले, आता हात वर येईल म्हणून. हात टेबलावरून थोडा उचलला गेला. मग त्यांनी तो परत खाली ठेवला. म्हणाले, "सांगा." मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. त्याबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते हॉस्पिटलातून परत आले नाहीत. मुलगी, क्लेअर, अमेरिकेहून आली ती दोन दिवस उशिरा. छोट्याशा हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. जयंतीभाई दुकान बंद करून आले होते. नितीन मागच्या रांगेत बसून ढसाढसा रडला, आता कुणाला कळवायची गरज नव्हती. अमेरिकन वकिलातीतून आलेल्या एका तरुणाने त्यांच्या नेमणुकांची यादी वाचली. मुंबईचं नाव आलं. आणखी एका देशाचं नाव आलं तेव्हा मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

चहाच्या वेळी क्लेअर माझ्याजवळ आली. मी हात पुढे केला तेव्हा लक्षात आलं, कप मी डाव्या हातात धरला होता. ती म्हणाली, "शेवटी ते तुमच्याशीच बोलायचे म्हणे. मला कधी काही सांगितलं नाही त्यांनी. तुमच्याशी काय बोलायचे?"

त्या पोरीचे डोळे बापासारखेच होते. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. पण ते नाव सांगायचं तर ते त्यांनी सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही ते तिच्यासाठीच असणार. मी म्हटलं, "हवामानाबद्दल."

ती हसली आणि रडायलाही लागली. "माझ्याशीही तेच," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं.

हे सगळं लिहून झालं तेव्हा मी ते नितीनला वाचायला दिलं. मित्राची गोष्ट त्याला माहीत होती, पण मला नाव ठाऊक आहे हे त्याला आत्ता कळलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाला, "देश कुठला ते कळायची सोय ठेवली नाहीस. आणि त्या माणसाचं नाव काय गं?"

बोलायला तोंड उघडायच्या आधीच माझा उजवा हात वर गेला होता. चहाचा कप डाव्या हातात होता, हा कोरडा होता.